काकूंच्या माळ्यावरची वटवाघळं

आमच्या लॅबमध्ये वटवाघळांच्या लेंड्या जमायला महिने लागतात. किस्से मात्र रोज जमतात, आणि ते ठेवायला फ्रिजही लागत नाही!

मी झाशीच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. आमची मीनल पीएचडी करते. विषय काय, तर किडा कात टाकतो एका हार्मोनच्या जोरावर. वटवाघूळ असे किडे पोटभर खातं. मग ते हार्मोन त्याच्या अंगात काही करतं, की नुसतंच लेंडीतून बाहेर पडतं? घ्या आता!

*

एकदा नमुन्यांचा डबा घेऊन मीनल रिक्षाने झाशीतल्याच नगरा भागात निघाली. रिक्षावाल्याने विचारलं, "दीदी, काला जीरा है क्या?"

ही सत्यवचनी! "नहीं भैया, चमगादड़ की लेंडी."

पुढचा रस्ता बाईसाहेब उन्हात चालत गेल्या.

*

ओरछा गेटजवळ एक मराठी काकू राहतात. मीनलची वटवाघळं त्यांच्याच माळ्यावर. आमचे सर त्यांना विषय समजावायला गेले. चांगला अर्धा तास बोलले.

काकू सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "एवढं कात टाकायचं औषध पोटात जातं, मग वाघळाचं कातडं का नाही गळत?"

सरांनी परत येऊन तो प्रश्न लॅबच्या फळ्यावर लिहिला. अजून पुसलेला नाही.

*

मीनलने माळ्यावर प्लॅस्टिक अंथरलं. तीन दिवस एक लेंडी नाही! पोरीचा जीव टांगणीला. वटवाघळं आजारी पडली की काय?

काकू रोज सकाळी झाडून सगळं मोगऱ्याला घालत होत्या. "तू येणार, आणि तुझ्यासमोर ही घाण ठेवू?"

मीनलला रडावं की हसावं कळेना. मोगरा मात्र असा फुलला होता की विचारू नका! दुसऱ्या दिवसापासून काकू लेंड्या लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत भरायला लागल्या, वर तारखेची चिठ्ठी लावून.

*

मग काकूंच्या मुलाचं लग्न ठरलं. घर रंगवायचं, माळा रिकामा करायचा. मीनल रडकुंडीला आली. "काकू, वर सगळ्या माद्या आहेत, पिल्लं अंगावर पितायत. आता हुसकावलं तर पिल्लं मरतील, आणि माझं दोन वर्षांचं काम पाण्यात!"

काकू उठून रंगाऱ्याला खोल्या दाखवायला लागल्या. मलाही वाटलं, संपलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही जेवायला गेलो. घर चकाचक, माळ्याच्या दाराला तेवढं कुलूप. किल्ली काकूंच्या कमरेला.

विहीणबाईंनी विचारलंच, "एवढं घर रंगवलंत, वरची खोलीच का राहिली हो? कोण आहे आत?"

काकू म्हणाल्या, "माहेरवाशिणी आल्यात बाळंतपणाला. जरा हळू बोला, लेकरं झोपलीत."