वेबसाइटवरचा बुधवार

"सर, तुमच्या कॉम्प्युटरवर दिसतंय का, बघा बरं एकदा."

दारात उभं राहून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणायच्या. दिवसातून तीनदा तरी. 'दिसतंय' म्हटलं तरी विश्वास नसायचा. आत येऊन स्वतः वाचायच्या.

नाशिकला विद्यापीठाच्या ज्या विभागात मी शिकवत होतो, तिथल्या त्या टंकलेखिका. विभागाची वेबसाइट निघाली आणि 'टायपिंग येतं ना?' एवढ्या पात्रतेवर ती त्यांच्या गळ्यात पडली. माहेर देवळ्याचं. घाबरल्या की भाषा थेट माहेरी जायची.

"कागदावरची चूक खोडता येते, सर. हितली चूक लय लांब जाते."

एकदा भाचीच्या लग्नातून त्यांनी फोन केला. मागे सनई वाजत होती आणि त्या विचारत होत्या, "वेळापत्रक उघडतंय ना?" आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

एका जूनमध्ये प्रवेशाच्या मुलाखती बुधवारऐवजी मंगळवारी घ्यायचं ठरलं. विभागाचं इंटरनेट बंद होतं, म्हणून शनिवारी त्या द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत जाऊन वार बदलून आल्या. सोमवारी दुपारी इंटरनेट सुरू झालं, तशा माझ्या कॉम्प्युटरवर बघायला आल्या. पडद्यावर बुधवारच होता. कॅफेत दिसलेला बदल त्या एका मशीनपुरताच राहिला होता, वेबसाइटवर चढलाच नव्हता.

त्यांनी तिथेच वार दुरुस्त केला आणि अर्जांचा गठ्ठा घेऊन एकेकाला फोन लावू लागल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना निरोप गेला. राहिली एक सुरगाण्याकडची मुलगी. अर्जावर शेजारच्या दुकानाचा नंबर होता आणि तो काही केल्या लागेना.

विभागप्रमुख म्हणाले, "नोटीस बोर्डावर मंगळवार होता. आपली जबाबदारी संपली."

"बोर्ड हितं हाय, साहेब. पोरगी तिकडं हाय."

त्यांना उलट बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'चूक माझी आहे. शिक्षा मला व्हावी, मुलीला नको.' खाली सही केली. नोकरीवर बेतू शकणारा कागद होता. साहेबांनी तो खणात टाकला. मी शेजारी नुसता बघत उभा होतो. ते अजून सलतं.

मंगळवारी मुलगी आली नाही. बुधवारी सकाळपासून त्या फाटकाशी उभ्या. अकराच्या सुमारास ती आली, सोबत वडील, छातीशी कागदपत्रांची पिशवी. टंकलेखिकाबाईंनी तिला कशाचाच पत्ता लागू दिला नाही. "चल बाई, तुझीच वाट बघतायत," म्हणत थेट साहेबांच्या दारात नेलं.

साहेबांनी मुलीकडे पाहिलं, मग यांच्याकडे. समोरची फाइल मिटली आणि मुलीला म्हणाले, "बस."

तिला प्रवेश मिळाला. यांना मात्र पुढची कित्येक वर्षं एकच घोर, "तो कागद माझ्या फायलीला लागला असंल का हो?" साहेबांना विचारायची छाती त्यांनाही झाली नाही, मलाही नाही.

पुढे वेबसाइट एका कंपनीकडे गेली. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा. उद्घाटनाला मोठा पडदा, हार, भाषणं. त्या मागच्या रांगेत. सगळे चहाला गेल्यावर पाहतो तर त्या पडद्यासमोर उभ्या, ओठ हलवत सूचना वाचतायत.

"भाऊ, अर्जाच्या शेवटच्या तारखेत महिना चुकलाय," त्या कंपनीच्या माणसाला म्हणाल्या.

"उद्या करतो, मॅडम."

"आत्ता."

त्याने लॅपटॉप उघडला. महिना बदलेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मग पर्स उचलली आणि चहा न घेताच जिना उतरून गेल्या.