सरांचा कॅमेरा त्याला, स्टँड मला

खोटं कशाला बोलू, मी ते प्रदर्शन बघायला गेलो तो जळायलाच. मुंबईच्या एका संग्रहालयानं जुने कॅमेरे आणून पनवेलच्या नाट्यगृहात मांडले होते, आणि त्यात आमच्या स्टुडिओचा कॅमेरा आहे असं पेपरात आलं होतं. देणगीदार म्हणून नाव त्याचं. बायको म्हणाली, "नका जाऊ, उगाच बीपी वाढेल." मी करंजाड्याहून रिक्षा केली आणि गेलो.

तो म्हणजे माझ्याबरोबर त्या स्टुडिओत काम शिकलेला. आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो. स्टुडिओ सरांचा, आणि सर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. शनिवार त्यांचा धर्मानं सुट्टीचा, म्हणून स्टुडिओला कुलूप, आणि शनिवारची लग्नं आम्हा दोघांवर. पुढे सर मुलीकडे इस्रायलला कायमचे निघाले तेव्हा त्यांनी आपला कॅमेरा, तो दोन भिंगांचा, वरून मान घालून बघायचा, त्याला दिला. मला दिला स्टँड. स्टँड! डार्करूममध्ये माझा हात त्याच्यापेक्षा साफ, हे सर स्वतः म्हणायचे. मग त्याला का? तीस वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. सर तिकडेच वारले आणि विचारायचं राहून गेलं.

बाकीच्या कॅमेऱ्यांकडे मी धड पाहिलंही नाही. सरळ त्या काचेच्या पेटीशी गेलो, चष्मा कपाळावर चढवला आणि भिंगात बुरशी शोधायला लागलो. आमच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरतेच धरते. माझ्या दोन कॅमेऱ्यांची तिनं वाट लावली. इथे एक ठिपका नाही. चामड्याचा पट्टासुद्धा तेल लावून ठेवलेला. मेल्यानं जिवापाड जपला होता, आणि माझ्या पोटात अजूनच दुखायला लागलं.

"अरे, तू! ये ये, बस," मागून आवाज आला. तो तिथेच खुर्ची टाकून बसला होता, गळ्यात संग्रहालयाचा बिल्ला. कॉलेजच्या मुली त्याच्याबरोबर सेल्फी काढत होत्या. त्यानं माझी ओळख करून दिली, "हे माझे गुरुबंधू, माझ्यापेक्षा हुशार." हे तर आणखीच झोंबलं.

मुली पुढे सरकल्यावर मी विचारूनच टाकलं, "सरांनी हा तुला का दिला रे? आज सांगच."

"सोड ना. जुनं झालं."

"तुला माहीत आहे म्हणजे!"

त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाला, "आपण खाली फ्लॅश मारायचो, आठवतं?"

न आठवायला काय झालं? बाराच फोटोंचा रोल. मांडवात मात्र प्रत्येकाला फोटो हवा, नाही काढला तर मामा रुसणार, काका रुसणार. मग नुसता फ्लॅश उडवायचा, फोटो काढायचाच नाही. हाच खाली, म्हणजे रिकामा फ्लॅश. माणूस खूश, रोल शाबूत. पनवेलात सगळेच करायचे.

"मीपण मारायचो," तो म्हणाला. "पण कोणावर मारला ते लक्षात ठेवायचो. लग्न उरकलं की आठवड्यात सायकल घेऊन त्यांच्या घरी जायचो आणि खरा फोटो काढून यायचो. एकदा तळोज्याला निघालो होतो, सरांनी पकडलं. कामाच्या दिवशी कॅमेरा घेऊन कुठे, म्हणाले. सांगितलं सगळं. त्यांनी जाऊ दिलं. पुढे इस्रायलला जाताना कॅमेरा दिला, तेव्हा म्हणाले, सायकलीवर नीट बांधत जा."

मला एकदम एक म्हातारी आठवली. रोडपालीच्या हळदीला नवऱ्या मुलाची आजी सगळे दागिने घालून माझ्यासमोर बसली होती. मी दोनदा फ्लॅश उडवला, दोन्ही खाली. महिन्याभरानं तिची सून स्टुडिओत आली. "आमची सासू गेली. तुमी फोटू काढलेला ना तिचा? आमच्याकडं दुसरा येक पन नाय." निगेटिव्ह खराब झालं, असं मी तिला बेधडक सांगितलं. ती बराच वेळ बाकावर बसून राहिली आणि मग गेली. पडद्यापलीकडे डार्करूममध्ये सर होते.

हे मी कधी कोणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. त्या दिवशी त्याला सांगितलं, का कोण जाणे. वाटलं, आता तरी हा मला चार शब्द सुनावेल आणि माझी सुटका होईल.

तो हळहळला. "अरेरे. मला तेव्हाच का नाही बोललास? रोडपाली काय लांब होती? तिचाही काढून आलो असतो."

अगदी मनापासून म्हणाला तो. त्यात टोमणा असता तर मी घरी जाऊन सुखानं जेवलो असतो.