हंसाबेनला दिलेली मशेरी

भाईंदर पश्चिमेच्या त्या चाळीत मनोरमाकाकीचा तवा तापला की अख्ख्या मजल्याला कळायचं. तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, हाताने चुरायची, की झाली मशेरी! वासाने शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे, तरी बायका डब्या घेऊन दारात हजर. मग मशेरी लावत नळापाशी गप्पा. एक्याण्णव-ब्याण्णव साल असेल, पण काय सकाळी होत्या त्या!

शेजारच्या हंसाबेनची दाढ ठणकायला लागली, तेव्हा काकीनेच तिला चिमूटभर मशेरी दिली. खरं तर काकीची आई आणि थोरली बहीण, दोघी तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या. पण काकीचं मत ठाम. "ते आम्हा रत्नागिरीकडच्यांच्या रक्तातच असतं. तुम्हा गुजराती लोकांना नाही होत. बिनधास्त लावा!" स्वतःचं मरण तिने गृहीतच धरलं होतं, मग मशेरी सोडायची कशाला? आणि हंसाबेनला लागली की हो चटक!

पुढे काही वर्षांनी काकीला तिखट झोंबायला लागलं. गालात आतून पांढरा चट्टा. हंसाबेनच तिला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी काकीला तपासलं, आणि सोबतीणही मशेरी लावते म्हटल्यावर तिलाही आ करायला लावला. तिच्याही गालात तसलाच चट्टा!

काकी खुर्चीतून उठलीच. "हिला कसा? ही आमच्यातली नाही हो!"

"मावशी, रक्तातलं थोडंफार असेलही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण रोज जे तोंडात घालता, त्याच्या खुणा शरीरात खोलवर उमटतात. तंबाखू जात विचारत नाही. दोघी आजच सोडा."

आपण आपल्या हाताने हिच्या घरात मरण नेऊन ठेवलं, म्हणत काकी रस्ताभर रडली. शेवटी हंसाबेन वैतागली. "मनोरमाबेन, रडू नको ने! आपण दोघी सोडू. मला एकटीला नाय जमणार."

सोडताना जीव नकोसा झाला. डोकं ठणकायचं, एकमेकींवर खेकसायच्या, बडीशेप चघळत बसायच्या. हंसाबेनचा चट्टा हळूहळू गेला. काकीचा कापावा लागला. बोलणं बोबडं झालं, पण वाचली बाई.

तवा तिने भंगारात दिला. तरी वाऱ्यावर कुठूनतरी तो वास आला की हातातलं काम थांबायचं. छान वाटायचं तिला, मेलं, अजूनही! आणि मग डोळे भरून यायचे.

"आईची मशेरी मीच भाजायचे गं, लहानपणी," ती म्हणायची.

हंसाबेन उठून खिडकी लावायची आणि बडीशेपेची डबी पुढे करायची.