तीन शोधनिबंध आणि एक आडनाव

नोकरीतल्या बऱ्याच तक्रारी विसरलो, ही मात्र आजही आठवते.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मी नाशकात सायबर पोलीस ठाण्याला होतो. इंदिरानगरला राहणारे वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक तक्रार अर्ज घेऊन आले. संशोधकांना इंटरनेटवर ओळख क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाच्या पानावर त्यांचे शोधनिबंध दिसतात. सरांच्या पानावरून तीन निबंध गायब झाले होते. बढतीची मुलाखत पंधरा दिवसांवर होती. संशय विभागातल्याच एका सहकाऱ्यावर होता.

आधी कागद जमवायचे, मग माणूस बोलवायचा, ही माझी पद्धत. लॉगिनची माहिती मागवली. खातं कॉलेजच्या ग्रंथालयातून, जेवणाच्या सुट्टीत उघडलेलं. पासवर्ड पहिल्याच प्रयत्नात बरोबर.

ग्रंथपालांना बोलावलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. कॉलेजच्या तपासणीआधी सगळ्या प्राध्यापकांची खाती त्यांनीच उघडून दिली होती. पासवर्ड नंतर कुणीच बदलले नव्हते.

"निबंध मीच काढले," ते म्हणाले. "ते सरांचे नाहीतच. आमच्या जुन्या विद्यार्थिनीचे आहेत. आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षर एक. सरांना दोनदा सांगितलं, त्यांनी हसण्यावारी नेलं."

मी हरसूलला गेलो. ती विद्यार्थिनी आता तिथे शाळेत शिक्षिका. पाड्यापाड्यांवर फिरून केलेल्या रानभाज्यांच्या नोंदींच्या सात वह्या तिनं पुढे ठेवल्या. छापील निबंधांवर पत्ताही तिच्याच गावचा. पीएचडीचा तिचा अर्ज दोनदा परत आला होता. नावावर प्रकाशित काम दिसत नाही म्हणून.

"असा काही नंबर असतो, हेच मला माहीत नाय साहेब," ती म्हणाली.

सरांना पुन्हा बोलावलं. वह्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, यातल्या कोणत्या पाड्यावर तुम्ही गेला होतात? ते बराच वेळ पानं चाळत राहिले.

"साइटनंच विचारलं, हे तुमचे का? मी हो म्हटलं."

तक्रार मागे घेत असल्याचं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं.

ग्रंथपालांचीही मी पाठराखण केली नाही. दुसऱ्याच्या खात्यात शिरणं चूकच. त्यांना समज दिली, कॉलेजनं नोटीस काढली. शिक्षिकेनं स्वतःचा क्रमांक काढला. तिसऱ्या अर्जाला तिला प्रवेश मिळाला.

इतकी वर्षं मी तक्रारदाराला पहिल्यांदा विचारायचो, काय गेलं? या प्रकरणानंतर आणखी एक प्रश्न विचारू लागलो, ते तुमच्याकडे आलं कसं? बहुतेक जण सरळ उत्तर देत. एखादा मात्र अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवायचा.