दवाखान्याच्या दिवशी न घेतलेली गोळी

आईच्या प्रेशरचे डॉक्टर दादरला. लालबागच्या आमच्या चाळीत अर्ध्या लोकांना त्यांचाच गुण आलेला, म्हणून आईही त्यांच्याकडेच. दर दोन महिन्यांनी मी हाफ डे टाकून तिला घेऊन जायचे. अकराची वेळ दिलेली असली तरी आत जायला एक वाजायचा, आणि आत मात्र जेमतेम तीन-चार मिनिटं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पण ते आईशी बोलायचेच नाहीत. पट्टा आईच्या दंडाला बांधायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "टॅब्लेट्स रेग्युलर घेतात ना ह्या?" मी आईकडे बघायचे. आई मान हलवायची. मी म्हणायचे, "येस डॉक्टर."

"तरी कंट्रोलमध्ये नाही. डोस वाढवू या."

असा वर्षभरात तीनदा डोस वाढला. वर सुकी मासळी बंद. मालवणच्या बाईला सुकट सोडायला सांगणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी सांगावं! आईने निमूटपणे सोडली. तिला अधूनमधून चक्कर यायची. मी तेही सांगितलं. "वयाने होतं," ते म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली. पुढचा पेशंट दारात उभा होता.

मग एका सकाळी पाणी भरून येताना आई गॅलरीत कोसळली. उजवं मनगट मोडलं.

हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून गोळ्या काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या अपॉइंटमेंटच्या आदल्या सकाळी मी गोळ्या तिच्यापुढे धरल्या, तर तिने तोंड फिरवलं.

"आज नको गो बाय. उद्या दादराक जावचा हा ना?"

"मग?"

मी गोळ्यांचा हात मागे घेतला नाही. शेवटी तिने सांगितलं. त्यातल्या एका गोळीने सारखं लघवीला होतं. दवाखान्यात दोन-दोन तास बसायचं, आणि पहिल्याच खेपेला काउंटरवरच्या बाईने तिला सांगितलं होतं, टॉयलेट फक्त स्टाफसाठी आहे. तेव्हापासून जायच्या दिवशी आणि आदल्या दिवशीही ती कुठलीच गोळी घेत नव्हती. कुठली नेमकी लघवीची ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्याच बंद.

म्हणजे दवाखान्यात प्रेशर चढलेलं दिसणार, डॉक्टर डोस वाढवणार, आणि घरी येऊन ही बाई तो वाढलेला डोस इमानेइतबारे गिळणार. चक्कर येईल नाही तर काय!

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"असला कायतरी डॉक्टराक सांगतत?"

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. टॉयलेटचं बोलायचं, घंटीचं बोलायचं. ऑफिसात मी कुणाचं ऐकून घेत नाही. पण त्या खुर्चीत बसल्यावर मी अर्धंमुर्धं सांगते न सांगते तोच डॉक्टरांनी हात वर केला. पहिल्यांदाच ते आईकडे वळले.

"आजी, हे आधी सांगायला नको? आम्हाला स्वप्न पडतं का?"

"चुकलं डॉक्टर," आई म्हणाली.

आणि मी? मी म्हणाले, "सॉरी डॉक्टर."

त्यांनी डोस कमी केला, लघवीची गोळी बदलली, फाइलवर काहीतरी खरडलं. खाली फुटपाथवर येऊन मी ते वाचलं. 'नॉन-कम्प्लायंट.'

"काय लिवल्यानी?" आईने विचारलं.

"सांगितलेलं ऐकत नाही, असा पेशंट."

"खरांच तां."

मी तिच्यावर ओरडले. भर दुपारी, फुलवाल्यांच्या टोपल्यांमध्ये उभी राहून. "तुझं काहीच चुकलेलं नाही! कुणी विचारलं होतं तुला?" लोक वळून बघायला लागले. जिथे ओरडायला हवं होतं तिथून मी सॉरी म्हणून खाली आले होते, आणि आता मोडक्या हाताच्या म्हाताऱ्या आईवर आवाज चढवत होते.

"हळू बोल," ती म्हणाली. "वर ऐकतले."

आता तिचं प्रेशर ठीक असतं. चक्कर थांबली. मनगट मात्र नीट वळत नाही, भाकरी थापता येत नाही. मे महिन्यात गावाहून कोकमाचं आगळ आलं, तेव्हा एक बाटली तिने डॉक्टरांसाठी वेगळी काढली. "तेंच्यामुळे बरी झालंय," ती म्हणाली. तिच्या त्या हाताला बाटली पेलत नव्हती. दवाखान्याचा जिना चढून ती मीच नेली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.