अण्णांची सुतळी काळी पडली

मंडळी, हात अजून काळे आहेत, तसेच टाइप करतेय.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, होटगीला बसून अख्खा उन्हाळा अंबाडीच्या वाखाची, म्हणजे तिच्या खोडाच्या तंतूंची, सुतळी मांडीवर वळली. मी ती सोलापुरात डाळिंबाच्या सालीत पिवळी रंगवून पिशव्या विणते. सालीचं पाणी लोखंडाला लागलं की रंग काळा पडतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी आज सकाळी मी इनॅमलच्या घमेल्याचा तळ बघितला नाही. मुलामा उडून आतलं लोखंड उघडं पडलं होतं.

झाकण काढलं तर सगळी सुतळी काळपट! तीनदा धुतली. काही उपयोग नाही.

रडतच अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "रडतीस कशाला? वाख घिऊन ये, परत वळतो की."

गेल्या महिन्यापासून त्यांच्या उजव्या हातात चहाचा कपसुद्धा ठरत नाही. आणि वाख तरी कुठून आणू? आमच्याकडं अंबाडी आता भाजीपुरतीच लावतात.

आत्ता आईचा फोन आला होता, माझा फोन ठेवल्यापासून ते धोतर मांडीपर्यंत वर खोचून ओट्यावर बसलेत.

सांगा, मी काय घेऊन जाऊ?