चिंचोक्यांनी मोजलेलं पुण्य

मंठ्याच्या मोटारस्टँडवर मी तिकिटं फाडायला बसलो तेव्हा निजामाची राजवट जाऊन काही वर्षं झाली होती. स्टँड म्हणजे एक पत्र्याची खोली, तिला एक खिडकी आणि खिडकीसमोर मोकळं मैदान. जालन्याहून मोटार आली की गाव थोडा वेळ जागं व्हायचं, आणि ती गेली की पुन्हा डुलक्या घ्यायला लागायचं. मधल्या वेळात मला खिडकीतून बघण्यापलीकडे काम नसे. माणसाच्या स्वभावाबद्दल मला जे काही कळलं ते त्या खिडकीतून, आणि ते फारसं बरं नाही.

खिडकीच्या उजव्या अंगाला एक पाणपोई होती. वर तुराट्यांचं छप्पर, आत वाळूत रोवलेले रांजण, आणि पाणी द्यायला एक म्हातारा ब्राह्मण. गावातल्या एका मारवाडी शेठजींनी ती घातली होती. घराणं कधीकाळी राजस्थानातून आलेलं, आता इथल्याच मातीतलं झालेलं, कापूस आणि धान्याचा व्यापार करणारं. पाडव्याला पाणपोई सुरू व्हायची आणि मृगाला बंद. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे, आणि खरं तर दानधर्माचं तसंच असावं.

मग ते शेठजी वारले. बाराव्या दिवशी पंचांसमक्ष त्यांची पगडी थोरल्या मुलाच्या डोक्यावर ठेवली गेली. त्यांच्यात तसा दस्तूरच आहे. पुढे दुकान वाटलं गेलं, घर वाटलं गेलं, भांडीकुंडी वाटली गेली. त्यात दोघा भावांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. गाडं अडलं ते पाणपोईशी. थोरले म्हणाले, पगडी माझी तर बापाची पाणपोईही माझी. तेव्हा धाकटे सगळ्या पंचांना ऐकू जाईल असं बोलले.

“पगडी तुम्ही घेतली, बराबर आहे. पण पुण्यबी तुम्हीच घ्यायचं का?”

पुढच्या पाडव्याला माझ्या खिडकीच्या डाव्या अंगाला दुसरी पाणपोई उभी राहिली. तिथंही वाळू, रांजण आणि एक ब्राह्मण. दोन्ही पाट्यांवर एकाच बापाचं नाव. वर गेलेल्या त्या बिचाऱ्या बापाची पंचाईत झाली असेल, पण त्याचा विचार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

माणूस पैसा, जमीन, बायका यांवरून भांडतो हे मी ऐकून होतो. पुण्यावरून भांडतो हे प्रथमच पाहत होतो. पैशाचं भांडण एक बरं असतं, ते कधीतरी मिटतं. पुण्याला माप नाही, त्यामुळे कुणाचं जास्त हे ठरत नाही आणि भांडण चालूच राहतं. थोरल्या शेठजींनी त्यावरही उपाय काढला. त्यांनी रांजणाशेजारी काचेची बरणी ठेवली आणि पाणी देणाऱ्याला सांगितलं की माणूस पाणी पिऊन गेला की बरणीत एक चिंचोका टाकायचा. दुसऱ्या दिवशी धाकट्यांकडे बरणी आली, आणि ती थोडी मोठी होती.

संध्याकाळी दोघांचे नोकर चिंचोके मोजायचे. ज्याचे कमी भरायचे तो दुसऱ्या दिवशी पाण्यात काहीतरी घालायचा. थोरल्यांनी वाळा घातला, तर धाकट्यांनी गूळ. थोरल्यांनी गुळावर बडीशेप दिली, तर धाकट्यांनी बत्तासा. ज्या माणसांना मी वर्षभरात कधी तहानलेलं पाहिलं नव्हतं ती भर दुपारी मैदान तुडवत यायला लागली. उजवीकडे प्यायची, मिशा पुसायची, डावीकडे प्यायची, आणि दोन्हीकडे म्हणायची, “तुमच्यासारखं पाणी त्यांच्याकडे न्हाई.” त्या उन्हाळ्यात आमच्या गावाइतकी गोडबोली वस्ती तालुक्यात दुसरी नसेल.

मी सरकारी नोकर. मला पक्षपात करून चालणार नव्हतं. सकाळी थोरल्यांकडून तांब्या यायचा, दुपारी धाकट्यांकडून, आणि दोन्ही माणसं मी पिईपर्यंत समोर उभी राहायची, कारण त्यांना परत जाऊन चिंचोका टाकायचा असायचा. पाणी पिणं हे ड्युटीत मोडतं की नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग शास्त्रार्थ निघाले. एकानं दोन गिलास प्यायले तर चिंचोके किती? बैल प्यायला तर टाकायचा का? दोन्ही घरी पूजेला जाणारे एक शास्त्रीबुवा होते. ते म्हणाले, तहान एकच, तेव्हा चिंचोका एक. बैलाचं पुण्य वेगळ्या खात्यात जातं. मग अवघड प्रश्न आला. दोन्ही पाणपोयांच्या मागच्या अंगाला फळीतून एक पत्र्याची पन्हळ बाहेर काढलेली होती. गावकुसाबाहेरची माणसं तिथं जायची, पन्हळीखाली ओंजळ धरायची, आणि आतून कुणीतरी पाणी ओतायचं. त्यांचा चिंचोका टाकायचा की नाही? शास्त्रीबुवांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळानं उघडले.

“तहानेला जात नसते,” ते म्हणाले, “तेव्हा चिंचोका टाकावा. गिलासाला असते, तेव्हा पन्हळ राहू द्यावी.”

गावाला हा निकाल फार पसंत पडला. मलाही त्यात चूक काढता येईना, आणि म्हणूनच मला तो आवडला नाही.

माझ्या खिडकीसमोरच्या चिंचेखाली एक चांभार बसायचा. पन्नाशीचा, हडकुळा, डोळ्यांत सदा एक बारीक हसू. मी त्याला बाबा म्हणायचो, तो मला मास्तर. दिवसभर उन्हाच्या झळांत बसून चपला शिवायचा आणि तहान लागली की पन्हळीशी जायचा. ज्या विहिरीचं पाणी दोन्ही रांजणांत पडायचं तिची मोट त्यानंच शिवलेली होती. म्हणजे त्याच्या हातचं चामडं आधी सगळ्या पाण्याला लागायचं, मग पाणी शुद्ध व्हायचं, आणि मग ते त्याला लांबून मिळायचं. हे मी एकदा त्याला बोलून दाखवलं. तो आरी थांबवून म्हणाला, “मोट इहिरीत जाती, मास्तर. म्या कुठं जातो?”

दुसऱ्या उन्हाळ्यात धाकट्या शेठजींना हिशेब सुचला. बाजाराच्या दिवशी पन्हळीशी रांग लागायची, पण ती दोन्हीकडे सारखीच. ह्या माणसांना आपण गिलास दिला तर सगळी रांग आपल्याकडे. सुतार आला, पन्हळ काढली, फळीचं भोक बुजवलं. चौकशीला आलेल्यांना शेठजी म्हणाले, “शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला आहे. मी बिलकुल कायद्याचा माणूस.” कायदा खरोखरच झाला होता, पण आमच्याकडे आलेल्या पहिल्या कायद्याला बरणीचा आधार लागला.

त्या दुपारी बाबा मागं न जाता पाणपोईच्या पुढच्या बाजूला गेला आणि गिलास हातात घेऊन उभा राहिला. लगेच प्याला नाही. आधी गिलास थोडा फिरवून पाहिला. मग सावकाश प्याला, गिलास खाली ठेवला आणि परत आपल्या जागी येऊन बसला.

“कसं होतं पाणी?” मी विचारलं.

“पानी तेच हाय, मास्तर. पर ओंजळीनं प्याचं म्हंजी मान खाली घालावी लागती. आज मान वर करून पिलो.”

मला फार बरं वाटलं, आणि ते मी लपवत नाही.

गावातल्या शिष्टांनी धाकट्यांच्या पाणपोईवर बहिष्कार घातला. सगळे उजवीकडे गेले आणि थोरल्यांची बरणी भरून वाहायला लागली. तेव्हा धाकट्यांनी जालन्याहून बर्फ मागवायला सुरुवात केली. भुशात गुंडाळलेली लादी मोटारीच्या टपावरून यायची, निम्मी वाटेतच वितळायची, पण उरलेली वाळ्याच्या सरबतात पडायची. दोन दिवस शिष्टांनी लांबून बघितलं. तिसऱ्या दिवशी एक वकीलसाहेब प्रकृतीचं कारण सांगून आले. मग सगळ्यांच्याच प्रकृती बिघडल्या. धर्म आणि बर्फ अशी झुंज लागली तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आठवड्याच्या आत थोरल्यांनीही आपली पन्हळ काढली आणि बर्फ मागवला. संतांनी सांगून जे झालं नव्हतं ते दोन भावांच्या मत्सरानं केलं, आणि मैदानात सगळे एका गिलासानं प्यायला लागले. बाबा तर आता निवडायचा, आज कुठं जावं म्हणून.

असे दोन उन्हाळे गेले. मग धाकट्या शेठजींच्या मुलीचं लग्न जमलं. मुलाकडचे मोठे व्यापारी, आणि त्यांच्या घरात मुलाच्या आजोबांचा शब्द चाले. त्या आजोबांनी दोन निरोप पाठवले. भाऊ भाऊ एका मांडवात उभे राहणार असतील तरच सोयरीक, हा पहिला. तुमच्या पाणपोईवर कुणीही गिलासाला हात लावतो असं ऐकतो, ते आम्हाला चालायचं नाही, हा दुसरा.

दोघा भावांची आई अजून होती. तिनं दोघांना समोर बसवून रडून घेतलं. भाऊ स्टँडच्या मैदानात सगळ्यांदेखत गळ्यात पडले, थोरल्यांनी आपली पगडी काढून क्षणभर धाकट्याच्या डोक्यावर ठेवली, आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढे वाटले गेले. मलाही एक आला, तो मी खाल्ला. दोन पाणपोयांची एक झाली, उजवीकडची तेवढी राहिली, बरण्या लोणच्याला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला आणि त्यानं पत्र्याची पन्हळ परत बसवली. त्याला फार वेळ लागला नाही. भोक जुनंच होतं.

दुपारी बाबा नेहमीसारखा उठून गेला. पाणी देणारा म्हातारा त्याला काही कडवट बोलला नाही, त्यानं नुसतं बोटानं मागची बाजू दाखवली. वाईट वाटल्यासारखं तोंडही केलं. बाबा मागं गेला आणि पन्हळीकडे बघून तसाच परत आला.

“पाणी नाही प्यालास?” मी विचारलं.

“तहान न्हाई लागली.”

त्याचे ओठ सुकलेले होते. मला संताप आला, पण ज्याच्यावर संतापावं असा कुणी समोर नव्हता. सगळे गोड बोलत होते, भाऊ भाऊ एक झाले होते, एका मुलीचं लग्न होत होतं. वाईट माणूस शोधून सापडत नाही अशा वेळी राग फार फुकट जातो.

दुसऱ्या दिवशी बाबा घरून एक माठ घेऊन आला. चिंचेच्या बुंध्याशी त्यानं तो ठेवला आणि त्यावर एक काचेचा गिलास पालथा घातला, बाजारातून नवा आणलेला. पन्हळीशी तो पुन्हा गेला नाही. तहान लागली की गिलास भरायचा आणि मान वर करून प्यायचा, आणि ते मला दिसेल असा प्यायचा.

लग्न वैशाखात, ऐन उन्हात. त्या दिवशी गावातलं कुत्रंदेखील मांडवात गेलं होतं, पाणपोईवरचा म्हाताराही. पाणपोईला ताटी लावलेली, रांजण आत, आणि माझा तांब्या तिथूनच भरला जायचा म्हणून तोही रिकामा. वऱ्हाड आधीच्या मोटारीनं येऊन मांडवात पोचलं होतं. दुपारच्या मोटारीतून एकटे एक वृद्ध गृहस्थ उतरले. पांढरी पगडी, हातात काठी, चेहरा उन्हानं काळवंडलेला. वाटेत काही कामासाठी ते मागं राहिले होते. नवऱ्या मुलाचे आजोबा, हे त्यांनीच सांगितलं. लग्नाचं घर कुठं हे विचारायच्या आधी त्यांनी पाणी विचारलं, आणि मी माझा रिकामा तांब्या उपडा करून दाखवला.

ते पाणपोईच्या ताटीपर्यंत गेले आणि परतले. चिंचेच्या सावलीला आले. मग त्यांना माठ दिसला. माठाशेजारी चामड्याचे तुकडे, आरी आणि बाबा, हेही दिसलं. त्यांनी मैदानभर नजर फिरवली. मैदानात कुणी नव्हतं. खिडकीत मी होतो, मी मान खाली घालून तिकिटांचे गठ्ठे लावायला लागलो.

“भाई,” ते म्हणाले, “थोडं पाणी मिळेल?”

बाबा चटकन उठला. धोतराच्या स्वच्छ सोग्यानं त्यानं गिलास पुसला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. आजोबांनी गिलासाकडे पाहिलं. मग काठी काखेत धरली, दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि वाकले.

बाबा गिलास तसाच धरून थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं तो उंच केला आणि ओंजळीत बारीक धार सोडली. आजोबा मान खाली घालून प्याले, गिलास संपला, दुसरा भरला, तोही प्याले. ओल्या हातानं त्यांनी तोंड पुसलं.

“तहानेला जात नसते, बाबा,” ते म्हणाले. “तुला मोठं पुण्य लागेल.” आणि काठी टेकत मांडवाच्या दिशेनं गेले.

बाबा खाली बसला. गिलास त्याच्या हातातच होता. चिंचेखाली नेहमीच चिंचोके पडलेले असायचे. त्यातला एक त्यानं उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्याकडे बघितलं.

“मास्तर,” तो म्हणाला, “ह्यो कुनाच्या बरणीत टाकू?”